मासिकाचा पाटकरी

आमच्या गल्लीत मासिक वाचायचं असेल तर फॉर्म भरावा लागतो. साधासुधा नाही, सात नंबरचा. पाटाचं पाणी हवं असलं की शेतकरी जो अर्ज करतो, तोच. त्यात लाभधारकाचं नाव, पिकाचं नाव, क्षेत्र असे रकाने असतात. पिकाच्या रकान्यात आम्ही गोष्ट, कविता, पाककृती किंवा शब्दकोडं असं लिहायचं, आणि क्षेत्र म्हणजे पानं किती. माझी बायको सुवर्णा दर महिन्याला ‘गोष्टी व पाककृती, संपूर्ण क्षेत्र’ असं लिहिते. मी एकदा ‘जाहिराती, अर्धं पान’ लिहिलं, तर अर्ज नामंजूर झाला.

हे अर्ज मंजूर-नामंजूर करणारे गृहस्थ म्हणजे पाटकरी नाना. खरं नाव रावसाहेब. आमच्या नगर जिल्ह्यात साहेब व्हायला शिकावं लागत नाही, बारशालाच होता येतं. माझ्या वर्गात दोन भाऊसाहेब, तीन बाळासाहेब आणि एक आण्णासाहेब होते. तेव्हा रावसाहेब या नावाचं आमच्या काष्टी गावात कुणाला काही वाटत नाही. पण पाटकरी म्हटलं की सगळे वळून बघतात, कारण नानांनी सारी हयात कालव्याच्या चारीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या फाट्यावर, काढली. पाणी सोडायचं, बंद करायचं, कुणाची पाळी कधी ते सांगायचं आणि ज्याची नाही तो दारं धरून बसला असेल तर त्याला हाकलायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाले तेव्हा हार, नारळ आणि एक घड्याळ मिळालं. शिवाय कचऱ्यात निघालेले कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे त्यांनी स्वतः मागून घेतले. ते फॉर्म अजून पुरताहेत.

मासिकाची गोडीही चारीवरचीच. दिवसभर चारीच्या दारापाशी बसून राहायचं, पाणी आपलं वाहतंय, बोलायला माणूस नाही. तिकडच्या शाळेतल्या एका गुरुजींनी एक जुना अंक दिला आणि नाना अडकले. तेव्हापासून पुण्याचं एक मासिक पोस्टानं त्यांच्याकडे येतं. एकट्यानं वाचणं त्यांना पटेना, म्हणून गल्लीतली आठ घरं धरून त्यांनी पाळी लावली. एका घराला तीन दिवस. आठ घरं आणि स्वतः नाना झाले की महिना सरतो आणि पुढचा अंक येतो. दिवाळी अंक आला की ते त्याला ‘जादा आवर्तन’, म्हणजे पाटाला जास्तीचं सुटलेलं पाणी, म्हणतात.

पहिला मान आमचा. यात माझं कर्तृत्व काही नाही, माझं घर गल्लीच्या शेवटी आहे एवढंच. कालव्याचा नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला, आणि मग वर वर यायचं. आधी हेडवाल्याला दिलं तर टेलवाल्याच्या वाट्याला नुसता ओला चिखल येतो. नाना स्वतः सगळ्यात शेवटी अंक घेतात. “पाटकऱ्यानं आधी आपल्या रानाला पानी घेऊ ने. लोकं मग त्येचं ऐकत न्हाईत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे आमचं का जमत नसे ते कळेल. माझं मोबाईलचं दुकान आहे. दुरुस्ती, रिचार्ज, ऑनलाईन फॉर्म, सातबाऱ्याचे उतारे, झेरॉक्स. मी नानांना कितीदा सांगितलं, “नाना, हे असलं सगळं मोबाईलवर फुकट मिळतंय. गोष्टी पायलीला पन्नास आहेत.”

“पाऊस बी फुकटच पडतो,” नाना म्हणाले. “वरनं आला, उताराला लागला, गेला. पाटाच्या पान्याची मानूस वाट बघतो. वाट बघून घेतलेलं पानी मुरतं.”

मी रिचार्जच्या गिऱ्हाईकाकडे वळलो.

त्यांची येण्याची तऱ्हा न्यारी. सकाळी सात वाजता लोखंडी गेटवर काठी वाजते. पोस्टानं आलेलं पाकीट ते स्वतः कधी फोडत नाहीत. “दार लाभधारकानं उघडायचं.” उघडलं की आत काय काय आहे तेही मोठ्यानं वाचायला लावतात. मग फॉर्म. तो आपण भरायचा आणि सही करण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. एरवी नाना मला अरे-तुरे करतात, मी त्यांच्या डोळ्यांसमोर शेंबड्याचा मोठा झालो. पण हातात फॉर्म असला की मी ‘तुमी’ होतो. बोलताना मान अशी तिरकी, कोंबडा दाणा बघतो तशी. लोक म्हणत, नोकरी सुटली पण ऐट सुटली नाही.

शिस्त तर विचारू नका. पिठाच्या गिरणीवाल्या रंजनाताईंनी एकदा रांगोळीचं पान कात्रीनं कापून ठेवलं. पुढच्या घरी, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या बबनमामांकडे, शब्दकोड्याचं अर्धं अंग गायब निघालं, कारण ते रांगोळीच्या पाठीवर होतं. मामांनी बोंब ठोकली. नानांनी गिरणीत जाऊन रीतसर पंचनामा केला. “पाट फोडला,” असा शेरा पडला आणि रंजनाताईंची एक पाळी बंद झाली. बाई मोठ्या तोंडाळ, गिरणीत भल्याभल्यांचं पीठ करतात. पण कणकेची खळ करून त्यांनी ते पान मुकाट्यानं जागच्या जागी चिकटवून दिलं.

सगळ्यात जाच होता तो पाहणीचा. पाणी दिल्यावर रान भिजलं की नाही हे पाटकरी बघतो. तसे चौथ्या दिवशी अंक न्यायला आले की नाना विचारत, “भिजलं का?” आपण हो म्हणावं तर, “वरवर, का मुळापत्तुर?” आणि मग प्रश्न सुरू. ती बाई शेवटी नांदायला गेली का? त्या कवितेत झाडाखाली कोण बसलं होतं? वांग्याच्या भाजीत चिंच घातली का कैरी? बोर्डाच्या परीक्षेत मला एवढा घाम फुटला नव्हता. माझी पद्धत सोपी होती. सकाळी पावणेसातला चहा पिता पिता सुवर्णाकडून सगळं ऐकून घ्यायचं आणि सातला पास व्हायचं.

एका महिन्यात मात्र पंचाईत झाली. भावाच्या घरच्या कार्यक्रमाला सुवर्णा माहेरी अकोल्याला गेली होती आणि अंक आला. त्यात एका बैलाची गोष्ट होती. मालक ट्रॅक्टर घेतो, बैल बाजारात विकतो, आणि मग दर बाजाराला काही काम नसताना येऊन तो बैल कुठं दिसतो का ते शोधत फिरतो. एवढं मी वाचलं. बरं वाटत होतं वाचायला, पण दुकानात फॉर्म भरायची शेवटची तारीख, रांग लागलेली. अंक तसाच राहिला. चौथ्या दिवशी गेटवर काठी वाजली.

“भिजलं का? त्या बैलाचं काय झालं वो?”

“सापडला की,” मी ठोकून दिलं. “दावं तोडून आपल्या आपण घरी आला. मालक बाजारातनं हात हलवत परतला, तर हा दारात उभा.”

नाना पायरीवर बसले. “आला व्हय?” म्हणाले. “आपल्या आपन?” धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि त्या दिवशी दुसरा एकही प्रश्न न विचारता अंक घेऊन गेले. मी खूश. म्हटलं, बायकोशिवाय पास झालो.

महिना सरत आला तेव्हा एका दुपारी नाना दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. हातात फॉर्म नव्हता.

“संदीप, येक इचारायचं हुतं. तुझा बैल घरी आला. बाकी सातांचा आला न्हाई.”

मी चार्जरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

“रंजना म्हनली, बैलानं मालकाला वळखलंच न्हाई. बबन म्हनला, मालक लांबनंच बघून मागं फिरला. समदे तेच सांगत्यात. येकाच अंकात बैल आला बी आन न्हाई बी, हे कसं काय?”

खोटं बोललो असं सरळ कबूल करायचं सोडून उलट मीच त्यांना कोपऱ्यात घ्यायला बघितलं. “नाना, अंक आता तुमच्याच घरी आहे की. तुम्ही वाचलंच असेल. मला काय विचारता?”

नानांनी पिशवीतून अंक काढला, उघडला, डोळ्यांपुढे धरला आणि मान तिरकी केली. ती नेहमीचीच तिरकी मान. “आसं केलं की कडंचं दिसतं,” ते म्हणाले. “मधी समदा धूर. दोन वर्सं झाली.”

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे आतल्या पडद्याचं दुखणं आहे. चालता येतं, गेट दिसतं, समोर माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे ते आवाजावरून. अक्षर मात्र गेलं ते गेलं.

“आठ घरं इचारून इचारून मी अंक वाचतो रे,” नाना म्हणाले. “येक सुरवात सांगतो, येक मधलं सांगतो. महिना सरला की माझा अंक पुरा हुतो. तुझा शेवट लई ग्वाड हुता. महिनाभर डोक्यात तोच. पन खरा कोन्ता तेवढं सांग.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. फॉर्म मोठ्यानं का वाचायचा, पाकीट आम्हीच का फोडायचं, सगळं तिथंच काउंटरवर कळलं. आम्ही आठही घरं त्यांना परीक्षक समजत होतो. मी गोष्टीची शेवटची दोन पानं काढली आणि वाचून दाखवली. बाजारात बैल दिसतो. दुसऱ्याच्या गाडीला जुंपलेला असतो, अंगानं भरलेला असतो. मालक हाक मारत नाही. नाना ऐकत होते.

“म्हंजे न्हाईच आला,” ते म्हणाले. अंक परत पिशवीत घालत म्हणाले, “बरं लिव्हलंय पन.”

जाता जाता एकच सांगितलं, मुलाला कळू द्यायचं नाही. त्यांचा मुलगा नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत आहे, तिकडेच खोल्या घेऊन राहतो. गुणी आहे बिचारा. नानांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून, “एकटे तिथं काय करता, इकडं या,” म्हणून मागं लागलेला. दर वेळी नाना सांगत, “पाळी चालू हाय, मधनं सोडून येता येत न्हाई.” डोळ्यांचं कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतं. आता गल्लीला आणि मुलालाही सगळं माहीत आहे, आणि हे लिहायला मी नानांची परवानगी घेतली आहे. फॉर्म भरून.

पुढचा अंक आला. पाकीट हाताला पातळ लागलं. मी फोडलं, आणि पहिल्याच पानावर चौकट होती. वाचकांच्या प्रेमाबद्दल आभार, हा शेवटचा छापील अंक, पुढचे अंक मोबाईलवर वाचता येतील. नाना फॉर्म पुढे करून उभे होते. गल्लीत हे वाचू शकणारा पहिला माणूस मी, आणि ज्याला सांगायचं तोही पुढ्यात. एक खोटा शेवट सांगून झाला होता, दुसरा सांगायची हिंमत नव्हती. मी चौकट मोठ्यानं वाचली.

“बरं,” नाना म्हणाले. “सही करा.” आणि तो शेवटचा अंक त्यांनी आठही घरांत रीतसर फिरवला, दर घरी पाहणीसकट.

महिना उलटला. नेहमीच्या दिवशी नाना दुकानात येऊन बसले, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा तसाच. मी आधीच सगळी सोय करून ठेवली होती. मोबाईलवर नवा अंक उघडला, वाचून दाखवायचं बटण दाबलं आणि फुशारकीनं म्हणालो, “नाना, आता कुणाला विचारायची गरज नाही. ही बाई सगळं वाचून दाखवते.”

बाई वाचू लागली. नाना मान खाली घालून ऐकत होते. पाचेक मिनिटांनी म्हणाले, “ही कुटं थांबत न्हाई का रे? गोष्टीत मानूस मेला तरी तीच चाल, दूध उतू गेलं तरी तीच चाल.” मग मोबाईलकडे वाकून त्यांनी विचारलं, “बाई, तुमाला काय वाटलं? भिजलं का?”

बाईनं पुढचा परिच्छेद सुरू केला.

“आन ह्ये पानी कुनाच्या पाळीचं?” नानांनी मला विचारलं.

“पाळी कशाला? सगळ्यांना एकदम मिळतं. मी आठही घरांना पाठवलंय.”

“समद्यांना येकदम,” नाना म्हणाले. “मग कोन कुनाच्या दारात कशापायी यील?” ते उठले. फॉर्मांचा गठ्ठा काउंटरवरच राहिला. मी हाक मारली तर हातानंच, असू दे, अशी खूण केली.

त्यानंतर गल्लीत काठी वाजेना. पंधरा दिवसांनी रंजनाताई मोबाईल दुरुस्तीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पाटकरी नाना दिसंनात. आजारी हायेत का? मी बघा पाटवड्यांचं इचारतील म्हनून ध्यानात धरून बसले.”

“पाटवड्या या अंकात नाहीतच,” मी म्हणालो. “मी पाठवलेला अंक उघडला नाही का?”

“उगडीन की. हाय मोबाईलात, पळून जातोय का कुटं?”

मी बबनमामांना विचारलं, त्यांनीही उघडला नव्हता. “पाळीच लागली न्हाई तर वाचनार कवा?” ते माझ्यावरच खेकसले. बाकीच्यांना विचारलं. आठही घरांत मोबाईल, आठही मोबाईलवर निळ्या खुणा, आणि अंक वाचलेलं माणूस एक. सुवर्णा. तीसुद्धा म्हणाली, “वाचलं खरं, पण कुणी विचारलंच नाही, तर काय वाचलं ते आठवेना.”

मोबाईलच्या दुकानदारानं हे कबूल करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे, पण करतो. आम्ही मासिक वाचत होतो ते कागदावर असतं म्हणून नव्हे. ते चौथ्या दिवशी परत द्यायचं असतं आणि ते न्यायला एक माणूस येतो, म्हणून वाचत होतो.

शुक्रवारी सुवर्णा भाजी द्यायला नानांकडे गेली आणि तशीच परत आली. “नाना उद्या नागापूरला चाललेत. मुलगा दुपारी गाडी घेऊन येतोय. पिशवी भरून ठेवलीय त्यांनी. सांगायला कारण राहिलं नाही म्हणतात.”

शनिवारी मी दुकान लवकर उघडलं. दिवसभर लोकांचे उतारे काढणाऱ्या त्या मशीनवर अख्खा अंक काढला, पाठपोट. सुवर्णानं दाभण घेऊन गोधडीच्या दोऱ्यानं मधोमध शिवला. रंजनाताईंनी गिरणी बंद ठेवून मुखपृष्ठाला जाड कागद खळीनं डकवला. कडा वाकड्यातिकड्या, शाई दोन पानांवर फिकी. पण हातात घेतलं की अंक होता. मग मी काउंटरखालचा फॉर्मांचा गठ्ठा काढला.

नाना ओट्यावर बसले होते, शेजारी पिशवी आणि काठी. मी काठी उचलली आणि त्यांच्याच गेटवर वाजवली.

“कोन? संदीप का?”

“पाळी घेऊन आलोय. फॉर्म वाचतो, ऐका. लाभधारकाचं नाव, रावसाहेब. पीक, गोष्टी. क्षेत्र, संपूर्ण. वाचून दाखवणार, संदीप.”

नानांनी अंक हातात घेतला. पानांवरून बोटं फिरवली, शिवण चाचपली, नाकाशी धरला. “पाटकरी शेवटी,” ते म्हणाले. “आधी टेल.”

“मी आठही घरं विचारून आलोय, नाना. दोन वर्षं सगळ्यांत शेवटी आणि तेही चिखलपाणी कुणाला मिळालं? टेलला तुम्ही आहात.”

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी पेन मागितलं. मी जागेवर बोट धरून दिलं. सही रेघ सोडून खाली उतरली, शेवटचा ‘ब’ तर कागदाच्या पार कडेला गेला.

“पोराला फोन लाव,” नाना म्हणाले. “म्हनावं, गाडी आनू नको. तीन दिवस माझी पाळी हाय, आन मग आठ घरं फिरायची हायेत.”

मी फोन लावला. मुलगा हसला की रडला, आवाजावरून कळलं नाही, पण रविवारी भेटायला येतो म्हणाला. नानांनी पिशवी बाजूला सारून मला ओट्यावर जागा करून दिली, अंक माझ्या हातात ठेवला आणि मान सरळ करून बसले.

“वाच आता. आन हे बघ, संदीप, छापलाय तोच शेवट वाचायचा.”